शर्यत एकीची, सुट्टी साऱ्यांची

सुट्टीचा बेत आखणे म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या हौशी एका पिशवीत भरणे. कुणाला समुद्र हवा असतो, कुणाला डोंगर, तर कुणाला नुसती झोप. मुलांना पाळणे, झोपाळे आणि आइस्क्रीम मिळाले की झाले. अशा वेळी घरातल्या एकाने मध्येच जाहीर केले, ‘मला तिथे एकवीस किलोमीटर धावायचं आहे,’ तर सहलीचा सारा नकाशाच बदलतो. झोपायची वेळ बदलते, जेवण बदलते, कोणत्या दिवशी किती चालायचे तेही बदलते. आणि ही मागणी आईने केलेली असेल तर? आजवर सगळ्यांच्या हौशी पिशवीत भरणारी तीच असते!

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या ऑर्लँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. सुमारे पंचवीस हजार एकरांच्या या परिसरात चार मोठी उद्याने आहेत. मॅजिक किंगडम १९७१ साली सुरू झाले, एपकॉट १९८२ साली, आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणून ओळखले जाणारे उद्यान १९८९ साली आणि अॅनिमल किंगडम १९९८ साली. जानेवारी १९९४ मध्ये इथे पहिल्यांदा मॅरेथॉन झाली. मग तिला अर्धमॅरेथॉनची जोड मिळाली, पाच आणि दहा किलोमीटरच्या शर्यतीही आल्या. आता जानेवारीतले ते चार दिवस म्हणजे धावणाऱ्यांची जत्राच असते. चारही शर्यती लागोपाठ चार दिवस धावणारे हौशी लोकही आहेत. त्यांची एकूण बेरीज ४८.६ मैल, म्हणजे ७८ किलोमीटरच्या घरात जाते. २०१४ पासून या पराक्रमासाठी वेगळे पदकही दिले जाते.

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने २०१७ च्या जानेवारीत याच शर्यतीच्या निमित्ताने सुट्टीचा बेत केला. घरात नवरा-बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. शिवाय साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई.

हौस की औषध?

ती मूळची धावणारी नव्हे. बेचाळिसाव्या वर्षी तपासणीत रक्तातली साखर काठावर निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. आधी घराभोवती चालणे झाले, मग जरा भरभर, मग दोन खांबांमधले अंतर पळत. वर्षभरात ती दहा किलोमीटर धावू लागली. साखर आटोक्यात आली, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. सकाळचा तो एक तास तिचा स्वतःचा झाला. त्या तासात कुणाचा डबा नसे, कुणाचा गृहपाठ नसे.

लग्नाला सोळा वर्षे झाली होती. या सोळा वर्षांत सुट्टी म्हणजे बहुधा भारतात जाऊन दोन्हीकडच्या नातेवाइकांना भेटणे. उरलेल्या सहली मुलांच्या आवडीच्या. म्हणूनच एप्रिलमध्ये तिने अर्धमॅरेथॉनची नोंदणी करायची म्हटले, तेव्हा घरात क्षणभर शांतता पसरली. नोंदणी जवळपास नऊ महिने आधी करावी लागत होती आणि एकदा भरलेले पैसे परत मिळत नव्हते.

“म्हणजे आपण डिस्नेला जायचं ते तुझ्या पळण्यासाठी?” मुलीने विचारले.

“डिस्नेला जायचं ते सगळ्यांसाठी. त्यातली एक सकाळ माझ्यासाठी,” ती म्हणाली.

सासूबाईंना मात्र हे नवल वाटले नाही. साताऱ्यात २०१२ पासून डोंगरावरची अर्धमॅरेथॉन भरते. यवतेश्वरच्या घाटात हजारो माणसे धापा टाकत चढताना त्यांनी पाहिली होती. “त्यात तुझ्यापेक्षा मोठ्या बायका असतात गं,” एवढेच त्या म्हणाल्या. पण त्या एका वाक्याने घरातले वजन सुनेच्या पारड्यात पडले.

आधी शर्यत की आधी सहल?

खरा वाद झाला तो दिवसांच्या आखणीवरून. शर्यत शनिवारी, सात जानेवारीला होती. नवऱ्याचे म्हणणे, बुधवारी पोहोचू, गुरुवार-शुक्रवार सगळे मिळून उद्याने पाहू, शनिवारी शर्यत आणि रविवारी परत. सुट्ट्याही वाचतील, खर्चही वाचेल.

कागदावर हा बेत उत्तम होता. पण डिस्नेच्या उद्यानात दिवसभर हिंडणे म्हणजे बारा-पंधरा किलोमीटरची पायपीट. रांगेत तासन्‌तास उभे राहणे वेगळेच. सलग दोन दिवस असे काढून तिसऱ्या दिवशी पहाटे एकवीस किलोमीटर धावायचे म्हणजे पाय आधीच गहाण टाकण्यासारखे. शिवाय शर्यतीला वेळेची मर्यादा असते. एका मैलाला सोळा मिनिटे, म्हणजे किलोमीटरला साधारण दहा मिनिटे. संपूर्ण अंतरासाठी साडेतीन तास. ताफ्याच्या अगदी शेवटी फुगे बांधलेल्या काही बायका याच गतीने चालत असतात. त्यांच्या मागे पडणाऱ्याला बसमध्ये बसवून परत नेता येते.

“मग आम्ही काय दोन दिवस हॉटेलात बसून राहायचं?” मुलीचा प्रश्नही चुकीचा नव्हता.

शेवटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून पाचही जणांनी नवा बेत केला. शर्यतीआधीचे दोन दिवस मुले वडिलांबरोबर हिंडतील. आई गुरुवारी धावपटूंसाठीच्या केंद्रावर जाऊन आपला क्रमांक घेईल. तो स्वतः ओळखपत्र दाखवूनच घ्यावा लागतो आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो. शुक्रवारी ती आणि सासूबाई एपकॉटमध्ये दोनच तास रमतगमत फिरतील. शनिवारची दुपार कोरी ठेवायची. रविवारी सकाळी उशिरापर्यंत झोप. सोमवारी सगळ्यांनी मिळून मॅजिक किंगडम आणि मंगळवारी घरी. मुलांची पाच दिवस शाळा बुडणार होती. त्यासाठी शिक्षकांना आधीच कळवून अभ्यास बरोबर घ्यायचे ठरले.

कोरी दुपार नवऱ्याला पटत नव्हती. “एवढे पैसे भरून रिकामे बसायचं?” असे तो दोन-तीनदा म्हणालाही. पण ती अडून राहिली आणि पुढे तीच दुपार साऱ्या सहलीच्या उपयोगी पडली.

धाकट्याची अट एकच होती. मॅजिक किंगडममधल्या ‘स्पेस माउंटन’ या अंधारातून धावणाऱ्या गाडीत आईनेच त्याच्या मागच्या बाकावर बसायचे. त्या गाडीत बसायला उंची किमान ४४ इंच लागते. ऑगस्टमध्ये तो साडेत्रेचाळीस भरला होता. दर रविवारी आई लांबचे धावून आली की तो फ्रिजशेजारच्या दारात ताठ उभा राहायचा आणि पेन्सिलीने खूण करून घ्यायचा. आईचे अंतर वाढत होते, त्याची उंची वाढत होती, आणि दोघांनाही जानेवारीपर्यंतच मुदत होती.

सरावाची झळ घरालाही बसली. रविवारी मुलांना मराठी शाळेत सोडण्याचे काम वडिलांकडे आले. सकाळच्या पोह्यांचेही. पहिले काही रविवार पोह्यांचा लगदा झाला, मग जमू लागले. सासूबाईंनी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या करून पाहिल्या. दशमी आणि केळे खाऊन धावले तर पोटाला त्रास होत नाही, हे सरावातच कळले. त्यामुळे ऑर्लँडोला जाताना सामानात दशम्यांचा डबाही गेला. शर्यतीच्या आदल्या दिवशी नवा पदार्थ चाखू नये, हा धावणाऱ्यांचा जुना नियम. परक्या गावात तो पाळायचा तर शिदोरी बरोबर हवीच.

शुक्रवारची संध्याकाळ

गुरुवार-शुक्रवार ठरल्यासारखे गेले. चाकाची खुर्ची भाड्याने घेऊ म्हटल्यावर सासूबाई आधी रागावल्या. “मी काय लंगडी झालेय?” एपकॉटमधल्या तळ्याभोवती अर्धी फेरी झाल्यावर त्यांनी स्वतःच विचारले, “ती खुर्ची कुठं मिळते म्हणालात?” मुले वडिलांबरोबर मनसोक्त हिंडून आली. तिने शुक्रवारी संध्याकाळी कपडे, बूट, क्रमांकाची चिठ्ठी आणि पिना खुर्चीवर नीट मांडून ठेवल्या. शर्यत उजाडण्यापूर्वी सुरू होते. परिसरातले रस्ते बंद होतात, म्हणून हॉटेलांतून धावपटूंच्या बस भल्या पहाटे, काळोखातच सुटतात. आठला दिवा मालवायचा होता.

त्याआधीच बातमी आली. पहाटे विजांसह वादळाचा अंदाज असल्याने अर्धमॅरेथॉन रद्द करण्यात आली होती.

फ्लोरिडात विजा नव्या नाहीत. अमेरिकेत सर्वाधिक विजा पडणाऱ्या राज्यांत त्याची गणना होते. उघड्या रस्त्यावर हजारो माणसे तासन्‌तास असताना असा धोका पत्करणे वेडेपणाच ठरला असता. निर्णय योग्य होता, हे तिलाही कळत होते. पण नऊ महिन्यांचा सराव, थंडीत अंधारात घातलेल्या फेऱ्या, घरातल्या सगळ्यांकडून मागून घेतलेले रविवार, हे सारे एका ओळीच्या सूचनेत संपले होते. ती न्हाणीघरात गेली आणि तिने नळ सोडला. बाहेर सगळ्यांना समजले, पण कुणी दार ठोठावले नाही.

“मग आता आपण घरी जायचं?” धाकट्याने हळूच विचारले.

त्याच्या दृष्टीने सहल शर्यतीसाठी होती, शर्यत गेली म्हणजे सहलही गेली. त्याच्या डोक्यात ते ४४ इंच असणार. तो प्रश्न दाराआड तिच्या कानांवर पडला. नळ बंद झाला आणि ती बाहेर आली. “कशाला घरी जायचं? सोमवारी तुझी गाडी आहे ना?”

नवरा काही समजूत घालणार, इतक्यात सासूबाईच म्हणाल्या, “अगं, मांडव पडला म्हणून लग्न थोडंच राहतं? उद्या ऊन पडलं की पळ. रस्ता काय त्यांच्या बापाचा आहे?”

रस्ता खरे तर त्यांचाच होता. तरीही सगळे हसले.

तळ्याभोवती अकरा फेऱ्या

त्या शनिवारी तिच्यासारखे पुष्कळ जण होते. विजांचे सावट टळल्यावर अनेक हॉटेलांच्या आवारात धावपटू आपला क्रमांक छातीवर लावून बाहेर पडले आणि आपापले अंतर धावू लागले. ओळखदेख नसलेली माणसे कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्या वेळी वर्तमानपत्रांतही याची बातमी झाली होती.

तिच्या हॉटेलाच्या तळ्याभोवती पायवाट होती. नवऱ्याने तिच्या घड्याळावरून मोजले, एक फेरी दोन किलोमीटरच्या आतबाहेर. म्हणजे अकरा फेऱ्या. धाकट्याने न्याहारीच्या टेबलावरून साखरेच्या अकरा पुड्या आणल्या. आईने एक फेरी पुरी केली की एक पुडी उजव्या खिशातून डाव्या खिशात. सासूबाई बाकावर पाण्याची बाटली आणि दशम्यांचा डबा घेऊन बसल्या. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक धावणाऱ्याला त्या मराठीत ‘चला, चला’ म्हणत होत्या. अर्थ न सांगताही सगळ्यांना समजत होता.

मुलगी सुरुवातीला फोन बघत बसली होती. सातव्या फेरीला आईची चाल मंदावलेली तिने पाहिली. आठव्या फेरीत तिने फोन आजीच्या हाती दिला आणि आईबरोबर धावायला लागली. एक फेरी झाल्यावर तिला धाप लागली. “तू हे रोज करतेस?” तिने विचारले. “रोज नाही, रविवारी,” आईने उत्तर दिले. त्यानंतरच्या फेऱ्यांना मुलगी बाटली घेऊन वळणावर उभी राहिली.

धाकट्याच्या उजव्या खिशात एकच पुडी उरली होती, तेव्हा घड्याळात २१.१ किलोमीटर झाले. तीन तास आणि काही मिनिटे लागली होती. दुपारची जेवणाची वेळ झाली होती. पण त्या दुपारी कुठेही जायचे नव्हते, कोणतीही वेळ चुकत नव्हती, कुणाचीही रांग बुडत नव्हती. ती कोरी दुपार तिथे कामी आली. जेवून सगळे गाढ झोपले.

रद्द झालेल्या शर्यतीची पदके नोंदणी केलेल्यांना मिळणार होती. ती घ्यावी की नाही, असे तिला वाटत होते. “तू एकवीस धावलीस ना? मग ते तुझंच आहे,” मुलीने निकाल दिला. ज्या मुलीने एप्रिलमध्ये तोंड वाकडे केले होते, तिनेच ते पदक जाऊन आणायचा आग्रह धरला.

रविवारी पूर्ण मॅरेथॉन झाली. वारा बोचरा होता आणि थंडी न्यू जर्सीची आठवण यावी अशी. मायलेकी दोघीच पहाटे उठून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि अगदी शेवटी, फुग्यांच्या थोडेसेच पुढे चालणाऱ्यांसाठी त्यांनी सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या. सोमवारी स्पेस माउंटनच्या दारात धाकट्याची उंची मोजली गेली. चव्वेचाळीसच्या रेषेवर डोक्याचे केस नव्हे, डोकेच पोहोचले होते.

बेत असा असावा

शर्यतीच्या निमित्ताने सुट्टी काढणारी कुटुंबे आता आपल्याकडेही दिसतात. मुंबईची जानेवारीतली मॅरेथॉन धावून पुढे कोकणात उतरणारी आहेत. साताऱ्याचा घाट धावून दुसऱ्या दिवशी कासच्या पठारावर फुले बघणारी आहेत. गाव कोणतेही असो, या कुटुंबाच्या अनुभवातून घेण्यासारखे बरेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, शर्यत आधी आणि भटकंती नंतर. ताजे पाय शर्यतीला द्यावेत, दमलेले पाय सहलीला चालतात. उलटे जमत नाही. शर्यतीआधी फिरायचेच झाले तर जो धावणार आहे त्याने कमी फिरावे आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी अडून राहू नये. सगळ्यांनी सगळे एकत्रच केले पाहिजे, हा हट्ट सहलीत फार भांडणे लावतो.

दुसरी गोष्ट पैशांची. नोंदणीचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत, म्हणून विमान आणि हॉटेल घेताना रद्द करण्याचे नियम नीट वाचावेत. डिस्नेतल्या सोयीही बदलत असतात. २०१७ मध्ये रांग टाळण्यासाठी आधीच नोंदवता येणारा ‘फास्टपास’ विनामूल्य होता. २०२१ पासून त्याची जागा पैसे मोजून घ्यायच्या सोयीने घेतली आहे. जुन्या माहितीवर हिशेब मांडला तर तो चुकतो.

तिसरी गोष्ट म्हणजे रिकामी जागा. वहीतला प्रत्येक तास भरलेला असेल तर एक वादळ सगळा बेत मोडते. अर्धा दिवस कोरा ठेवला की त्यात थकवा मावतो, पाऊस मावतो, आणि एखादी रद्द झालेली शर्यतही मावते.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट वहीत लिहिता येत नाही. जो धावणार आहे त्याने आपली मागणी स्पष्ट सांगावी आणि इतरांचेही मोकळेपणाने ऐकून घ्यावे. उरलेल्यांनी त्या मागणीला ‘खूळ’ म्हणू नये. घरातली बाई आपल्यासाठी एखादी सकाळ मागते तेव्हा ती बहुतेक वेळा फार उशिरा मागत असते. ती सकाळ तिला मनापासून दिली, तर शर्यत झाली काय आणि रद्द झाली काय, ती सगळ्या घराची होऊन जाते. आणि मग घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ४४ इंचांसाठी रांगेत उभे राहायला तिचे पाय कधीच कुरकुरत नाहीत.